खाऱ्या वाऱ्यात कोणता इन्सुलेटर: चिनी माती, काच की सिलिकॉन?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर कारखान्यासाठी 33 केव्हीची लाइन टाकायची म्हटली की कोटेशनमध्ये इन्सुलेटरचे, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या पण वीज खांबात जाऊ न देणाऱ्या भागाचे, तीन पर्याय येतात: चिनी माती, टफन्ड (कडक केलेली) काच आणि सिलिकॉन रबर. दर बघण्याआधी एवढं बघा, की मळलेला इन्सुलेटर ओला झाला की त्यावर पाणी कसं बसतं.

जुलैतल्या धो धो पावसाची फारशी भीती नाही, तो इन्सुलेटर धुऊनच काढतो. धोका साचतो तो पावसाळा संपल्यावरच्या कोरड्या महिन्यांत. समुद्राचं मीठ आणि रस्त्याची धूळ यांचा थर बसत जातो. कोरडा असेपर्यंत तो काही करत नाही. पण पहाटेचं दव पडलं, धुकं आलं किंवा मे-जूनमधली पहिली भुरभुर झाली, की मीठ विरघळतं आणि थरातून गळती प्रवाह सुरू होतो. प्रवाहाने थर तापून जिथे सुकतो, तिथे कोरडा पट्टा पडतो आणि बहुतेक व्होल्टेज त्या पट्ट्यावर एकवटतं. अंधारात खांबाखाली उभं राहिलं तर चरचर ऐकू येते, ठिणग्या दिसतात. त्या लांबत जाऊन दोन्ही टोकं जोडली की फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून थेट पलीकडे जाते, आणि फीडर (ती लाइन) ट्रिप. वीज कडाडलेली नसते, व्होल्टेजही नेहमीचंच असतं.

चिनी माती आणि काच, दोन्हींवर पाणी सलग पसरतं. आकार सारखा असेल तर मिठाच्या थराखाली दोन्ही साधारण सारखीच वागतात. फरक पडतो तो तपासणीत. टफन्ड काचेची डिस्क (इन्सुलेटरच्या माळेतली एक थाळी) बिघडली तर तिचा घेर फुटून गळून पडतो. लाइनमनला ते जमिनीवरून दिसतं, आणि उरलेला भाग तार धरून ठेवतो. चिनी मातीतली आतली चीर बाहेरून दिसत नाही. माझ्या मते लाइनसाठी काच उजवी. पोरं दगड मारतात तिथे मात्र ती टिकत नाही. कुठलीही डिस्क घ्या, किनाऱ्यावर तिच्या पिनला (खालच्या धातूच्या दांडीला) गंज रोखणारा झिंक स्लीव्ह, म्हणजे जस्ताचं कडं, असल्याशिवाय घेऊ नका.

सिलिकॉनवर पाण्याचे सुटे थेंब राहतात, अळवाच्या पानासारखे. त्याहून मोलाचं म्हणजे रबरातले हलके सिलिकॉन रेणू वर येऊन धुळीच्या थरातही शिरतात आणि तो थरसुद्धा पाणी झटकू लागतो. उत्तर भारतात हिवाळ्याच्या धुक्यात मोठ्या लाइन वारंवार ट्रिप व्हायच्या, तेव्हा पॉवर ग्रिड या सरकारी वीजवहन कंपनीने अनेक ठिकाणी चिनी मातीच्या डिस्क काढून पॉलिमर (सिलिकॉन रबराचे) इन्सुलेटर लावले, ते याच गुणासाठी.

पण सिलिकॉनलाही मर्यादा आहेत. बराच काळ ओलं राहिलं किंवा ठिणग्या चालूच राहिल्या तर हा गुण तात्पुरता जातो, कोरडा अवधी मिळाला की परततो. तो अवधीच मिळाला नाही तर रबर झिजतं. आतल्या फायबरग्लासच्या दांड्यापर्यंत पाणी पोचलं तर दांडा अचानक तुटू शकतो. म्हणून टोकाचं सील आणि गोदामातली हाताळणी नीट सांभाळा. कोटेशनमध्ये नुसतं 'पॉलिमर' लिहिलेलं असेल तर रबर कुठलं ते विचारा. ईपीडीएम हे दुसऱ्या जातीचं कृत्रिम रबर, तेही पॉलिमरच, पण पाणी झटकण्याचा गुण गेला की त्यात तो तसा परतत नाही.

क्रीपेजवर, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेल्या दोन टोकांमधल्या अंतरावर, तडजोड नको. 33 केव्हीच्या सिस्टिमचं कमाल व्होल्टेज 36 केव्ही. अतिप्रदूषित जागेसाठीचा 31 मिमी प्रति केव्ही हा रूढ आकडा धरला तर 1116 मिमी लागतात, 25 धरला तर 900. समुद्रालगत मी मोठाच आकडा धरेन आणि इन्सुलेटर सिलिकॉनचा घेईन. किनाऱ्यापासून लांब, भरपूर पावसाच्या आणि कमी धुळीच्या पट्ट्यात काच पुरते. चंद्रपूरसारख्या सिमेंटच्या भागात धूळ ओली होऊन दगडासारखी घट्ट बसते, पावसाने निघत नाही. तिथे कुठलाही इन्सुलेटर लावला तरी सफाईचा खर्च धराच.

जुनं सबस्टेशन असेल तर सगळं बदलण्याची गरज नाही. चिनी मातीच्या बुशिंगवर (ट्रान्सफॉर्मरसारख्या यंत्रात तार आत नेणाऱ्या इन्सुलेटरवर) आरटीव्ही, म्हणजे साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या, सिलिकॉनचा लेप देता येतो. त्यासाठी शटडाउन लागतं, पृष्ठभाग आधी पूर्ण धुऊन सुकवावा लागतो, आणि काही वर्षांनी तेच काम पुन्हा करावं लागतं.