वर्षभर आपलाच जिल्हा वाचला आणि पाहिला

गेल्या आषाढीपासून यंदाच्या आषाढीपर्यंत आमच्या घरात जे वाचले गेले आणि पाहिले गेले, त्यातले बहुतेक सगळे सोलापूर जिल्ह्याशी कुठे ना कुठे बांधलेले होते. हे आधी ठरवून झाले नाही. सासूबाईंना आता छापील अक्षर लागत नाही, म्हणून रात्रीची जेवणे उरकल्यावर मी त्यांना तासभर वाचून दाखवू लागले आणि पहिलेच पुस्तक हाती आले ते दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’. सासूबाईंचे माहेर वेळापूरचे. ते पुस्तक संपले त्या रात्री त्यांनी विचारले, “आपल्याकडचं आणखी काय आहे गं?” त्या प्रश्नाच्या मागे लागून आमचे वर्ष गेले. त्यातून मनात टिकून राहिलेली दोन पुस्तके, एक नाटक आणि चार चित्रपट यांच्याविषयी लिहीत आहे.

‘पालखी’ १९६४ साली प्रसिद्ध झाले. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लेखक स्वतः चालला आणि जे पाहिले, ऐकले, सोसले ते त्याने लिहिले, एवढाच या पुस्तकाचा ऐवज आहे. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती लेखकाने राखलेले अंतर. मोकाशी वारकऱ्यांमध्ये राहतात, त्यांच्याबरोबर जेवतात, पण आपण वारकरी झालो असा आव कुठेही आणत नाहीत, आणि दुसरीकडे शहरातून आलेल्या शहाण्या माणसाच्या नजरेने त्यांना खालीही पाहत नाहीत. श्रद्धा आपल्यात पुरेशी आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या पायांबरोबर चालत राहतो आणि त्याचे उत्तर मिळवण्याची घाई ते करीत नाहीत. वारीवर पुढे पुष्कळ लिहिले गेले, छायाचित्रांची देखणी पुस्तके निघाली, तरी त्यांतील बहुतेक लेखन वाटेवरच विरघळून जाते. हे विरघळत नाही, कारण यात मुक्कामाची सोय, पाणी, पाऊस आणि दुखरे पाय यांना अभंगांइतकीच जागा आहे.

मोठ्याने वाचताना या पुस्तकाची एक वेगळीच परीक्षा झाली. पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम घेत पंढरपूर गाठते. हा टापू आला की सासूबाई मला थांबवत. रिंगण कुठे होते, माऊलींचा अश्व कसा धावतो, वेळापूरच्या टेकावरून पंढरीचा कळस दिसल्याच्या आनंदात तुकोबा धावत सुटले म्हणून वारकरी आजही तिथे ‘धावा’ कसा करतात, हे त्या पुस्तकाच्याही पुढे जाऊन सांगत. त्यांच्या दारावरून पालखी जाई तेव्हा त्या आईबरोबर भाकरीच्या दुरड्या घेऊन उभ्या राहत. मोकाशींनी रस्त्यावरून दारे पाहिली आणि या बाईने दारातून रस्ता पाहिला; दोघांचे सांगणे मला एकाच वेळी ऐकायला मिळाले, हे माझे या वर्षातले सर्वांत मोठे सुख आहे. पुस्तक सलग वाचू नये, रोज एक मुक्काम वाचावा, असे मी सुचवीन. सलग वाचले तर मधला भाग एकसुरी वाटण्याचा संभव आहे. चालण्याच्या गतीने वाचले तर तो एकसुरीपणाच पुस्तकाचा प्राण असल्याचे ध्यानात येते.

पंढरपूरच्या वाटेवरून आम्ही ‘संगीत देवबाभळी’कडे वळलो. प्राजक्त देशमुख यांचे हे नाटक मी काही वर्षांपूर्वी रंगमंचावर पाहिले होते. यंदा त्याची संहिता वाचली, जिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आहे. तुकोबांना शोधत भंडाऱ्याच्या डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो, तो विठ्ठल स्वतः काढतो, आणि मग त्या गरोदर बाईची काळजी घ्यायला रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी येते, अशी ही कल्पना आहे. रंगमंचावर दोनच स्त्रिया आहेत. ज्यांच्यामुळे दोघींचे आयुष्य असे झाले ते दोन पुरुष मात्र समोर नाहीत. कथा देहूत घडते, तरी पंढरपूरच्या माणसाला तिच्यातले एक नाव लगेच ओळखू येते, कारण चंद्रभागेच्या काठी दिंडीरवनात लखुबाईचे देऊळ आजही आहे. रुसून दूर जाऊन बसलेली रखुमाई ही आमच्याकडे पुराणकथा राहिलेली नाही, ती बायकांच्या रोजच्या बोलण्यातली उपमा झाली आहे.

संहिता वाचताना मला काही ठिकाणी संवाद जरा जास्त घोटलेले वाटले. नाटकात संगीत आणि अभिनय जो भार उचलतात तो कागदावर शब्दांना एकट्याने उचलावा लागतो आणि तिथे अलंकार ठळक होतात. पण आवली ज्या हक्काने देवाला खडसावते तो हक्क कागदावरही तितकाच धारदार आहे. सासूबाई एका जागी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. “खरं आहे, भक्ती त्याची आणि चूल हिची,” एवढेच त्या म्हणाल्या. नाटक पाहण्याची संधी मिळाल्यास ती अवश्य घ्यावी, आणि न मिळाल्यास पुस्तक हातचे सोडू नये.

‘लोकशाहीर रामजोशी’ हा १९४७ चा चित्रपट पाहण्याचे कारण सरळ होते. रामजोशी मूळचे सोलापूरचे. जोशीपणाच्या, पुराण-कीर्तनाच्या घरात जन्मलेला हा माणूस तमाशाच्या फडात गेला आणि ‘सुंदरा मनामध्ये भरली’सारखी लावणी मागे ठेवून गेला. चित्रपटाचे दिग्दर्शन व्ही. शांताराम आणि बाबूराव पेंटर यांचे, लेखन आणि गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे आणि मुख्य भूमिका जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या. आज उपलब्ध असलेली प्रत झिजलेली आहे, आवाज मधूनमधून खरखरतो, आणि नायकाचे अधःपतन व उद्धार या चौकटीत कथा फार काटेकोर बसवली आहे असे माझे मत झाले. गाणे सुरू झाले की मात्र या सगळ्याचा विसर पडतो. पांडित्य आणि ढोलकी एका गळ्यात कशी नांदतात हे जयराम शिलेदारांनी गाऊन दाखवले आहे, आणि तेच तर रामजोशींचे वैशिष्ट्य होते.

या चित्रपटातल्या बया या नायिकेने मला ती उभी करणाऱ्या हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनापर्यंत नेले. १९७० साली आलेल्या या पुस्तकाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले आहे. हे मी सासूबाईंना वाचून दाखवायला कचरत होते, कारण त्यातला मोकळेपणा आजही दचकवतो. लहान वयात घर चालवण्यासाठी स्टुडिओत उभी राहिलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारी माणसे, दारू, फसवणूक, आणि हे सारे सांगताना स्वतःला पाठीशी न घालणारा स्वर. ज्या बाईने १९४१ च्या ‘संत सखू’मध्ये सासुरवास सोसून पंढरीची आस धरणारी सखू उभी केली, तिच्या स्वतःच्या वाट्याला सुटकेला येणारा कोणी विठ्ठल आला नाही, हे वाचताना मला काही वेळ पुस्तक खाली ठेवावे लागले. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले. मी कचरले याचे मला नंतर वाईट वाटले.

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा ‘फँड्री’ मी तिसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या दोन खेपांना निसटलेली एक गोष्ट या वेळी दिसली. जब्या या शाळकरी मुलाच्या घरच्यांचे काम किती बारकाईने दाखवले आहे! डुक्कर पकडणे हे कौशल्याचे आणि दमवणारे काम आहे. त्यासाठी सगळ्या कुटुंबाला मिळून धावावे लागते, आणि त्या धावपळीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, हा प्रसंग कोणत्याही भाषणाविना सारे काही सांगून जातो. किशोर कदमांचा कचरू आणि सोमनाथ अवघडेचा जब्या यांच्यात लाज कशी एका पिढीकडून दुसरीकडे येते आणि दुसऱ्या पिढीत तिचा दगड कसा होतो, हे चित्रपट सावकाश उलगडतो. माझ्या मते मराठीत या शतकात झालेल्या चित्रपटांत याची जागा फार वरची आहे.

२०१६ चा ‘सैराट’ मला तेवढा एकसंध वाटत नाही. पूर्वार्धातली गाणी आणि संथगतीची दृश्ये मी थोडी कमी केली असती. परंतु करमाळ्याकडची बोली, उसाचे आणि केळीचे मळे, पाटलाच्या घरातला दरारा आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूने उभी केलेली आर्ची हे सारे आमच्या ओळखीचे आहे. दुसरा भाग हैदराबादेत घडतो, आणि तिथे सोलापूरकराचे पाहणे इतरांपेक्षा निराळे होते. आमच्या शहराच्या पूर्व भागात निम्मे बोलणे तेलुगूत चालते. पडद्यावर आर्ची आणि परशा त्या भाषेपुढे गोंधळून उभे असताना आमच्या शेजारच्या काकू, ज्या त्या दिवशी आमच्याकडे बसल्या होत्या, न विचारता अर्थ सांगत होत्या. परके शहर आणि शेजारचे घर एकाच भाषेत बोलू लागले. शेवट मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवला होता. त्या म्हणाल्या, “तेवढ्या वेळापुरता आवाज बंद कर.” मला सांगावे लागले की त्या प्रसंगाला आवाजच नाही.

एवढे पाहून झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला अजून सोडत नाही. या साऱ्या कथांत सोलापूर हे निघून जाण्याचे ठिकाण आहे. रामजोशी इथून जातात, आर्ची आणि परशा पळून जातात, जब्याचे मनही गावाबाहेर धावत असते. येणारे फक्त पंढरपूरला येतात. जे इथेच राहिले त्यांचा चित्रपट मला सापडला नाही. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे घर चालले, पंचाहत्तर वर्षांची होऊनही जी बाई सुपात तेंदूपान घेऊन बसते, कुंभारीला ज्या बिडी कामगार बायकांनी लढून गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी करून घेतली, त्यांच्यावर कोणी मोठी कादंबरी किंवा चित्रपट केला तर मी पहिल्या रांगेत बसेन. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. ज्या नाट्यगृहात आम्ही नाटके पाहतो त्याचे नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे, ते त्यांच्यावरूनच. त्यांची कथाही एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाची वाट पाहत आहे.

शेवटी पाहिला तो ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. निघून गेलेल्यांत सर्वांत दूर गेलेला सोलापूरकर हाच. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. तिथेच त्यांनी परिचारिका असलेल्या ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. चित्रपट १९४६ चा, म्हणजे मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत पूर्ण झालेला. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका शांतारामबापूंची, चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री, आणि कथेला आधार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचा.

आजच्या नजरेला चिनी पात्रांची रंगभूषा आणि बोलणे खटकते, आणि खटकले पाहिजे. त्याहून मला खटकला तो मृत्यूचा बदल. चित्रपटात डॉक्टर साथीच्या रोगाशी झुंजताना त्याच रोगाने जातात. प्रत्यक्षात अतिश्रमाने खंगलेल्या शरीराला अपस्माराचे झटके येऊन ते गेले. खऱ्या मरणात शौर्य कमी होते असे ज्याला वाटले असेल त्याने ते मरण नीट पाहिले नसावे. एवढा दोष मान्य करूनही शेवटच्या दहा मिनिटांसाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. मरणाच्या दारातला डॉक्टर पत्नीला आपल्या घराची वाट सांगतो आणि त्याच्या शब्दांवर ती मूल घेऊन त्या घरी येताना दिसते. गेलेला माणूस आवाजाने परत येतो. ते मूल म्हणजे यिनहुआ, ज्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही आहेत, ते स्वतः डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर असताना १९६७ मध्ये वारले. पण छिंगलान पुढे खरोखरच भारतात आल्या, एकदा नव्हे, अनेकदा.

चित्रपट पाहिल्याच्या आठवड्यात आम्ही भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात गेलो. सासूबाईंना छायाचित्रांखालचे अक्षर लागत नव्हते, म्हणून मी तिथेही वाचून दाखवले. त्या ऐकत होत्या, पण पाहत होत्या दाराकडे. निघताना त्यांनी काठी बाजूला टेकवली, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाल्या, “इथूनच आली असेल ना ती, लेकराला घेऊन?”