तर्काचे नियम: सापडलेले की घडवलेले?

जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेच्या मते तर्काचे नियम माणसाच्या डोक्यावर अवलंबून नाहीत. विचार करणारं कोणी नसतं तरी ते खरेच राहिले असते. डच गणितज्ञ ब्राउवरने १९०८ साली त्यातल्याच एका नियमावर बोट ठेवलं: विधान खरं, नाहीतर त्याचा नकार खरा, तिसरी वाट नाही. मोजक्या वस्तू एकेक तपासता येतात, तिथे हे ठीक. पण अनंत संख्यांबाबत, जिथे तपासणी संपतच नाही, तिथे हा नियम कशाच्या जोरावर लावायचा?

मला ब्राउवरचा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो. त्याच्या वाटेवरचं तर्कशास्त्र आज संगणकाकडून सिद्धता तपासून घेताना वापरलं जातं. तरी तर्क म्हणजे निव्वळ माणसाची सोय, हे मी मानणार नाही. विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी खरे नसतात, हा नियम ब्राउवरनेही सोडला नव्हता.