कासवं बघायला कोकणात निघालात? खोलीचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा

फेब्रुवारी ते एप्रिल कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांचा हंगाम. शनिवार-रविवारी खोली मिळणं मुश्कील, आणि नेमक्या याच घाईवर काही लोक पोट भरतायत. आमचे साडेदहा हजार गेले. कसे गेले ते सविस्तर सांगते.

मी आणि नवरा, गाडी घरचीच. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत घालून वेसवीला उतरायचं, कासवांचं वेळास बघून केळशीमार्गे आंजर्ल्यात मुक्काम, पुढे दाभोळची खाडी ओलांडून गुहागर. वाशिष्ठीच्या खाडीतल्या मगरीही बघायच्या होत्या, ते राहूनच गेलं.

आंजर्ल्याची खोली मोबाइलवरच्या नकाशात सापडली. घर खरं, अंगणाचे फोटो खरे, लोकांचे अभिप्रायही खरे. खोटा होता फक्त फोन नंबर. नकाशावरच्या कुठल्याही जागेची माहिती ‘दुरुस्त’ करायला कुणीही सुचवू शकतं, आणि बिचाऱ्या मालकाला अनेकदा त्याचा पत्ताच नसतो.

फोनवरचा माणूस भलताच गोड. ‘मॅडम, वीकेंड फुल्ल आहे, एकच सी-फेसिंग रूम राहिलीय.’ दोन रात्रींचे सात हजार, निम्मे आगाऊ. क्यूआर कोड आला. पैसे भरताना वर नाव भलत्याच माणसाचं दिसलं. विचारलं तर उत्तर तयार: ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.’ वर जोडीला पाचशे रुपयांत ‘कासव पास’ देतो म्हणाला, सकाळी सातला पिल्लं नक्की दाखवणार. तो पास आम्ही घेतला नाही, एवढंच.

दुसरा फोन आला तेव्हा आम्ही बागमांडल्याच्या रांगेत होतो. ‘मॅडम, सॉफ्टवेअर अर्धं पेमेंट घेत नाही. पूर्ण सात हजार एकदम टाका, आधीचे साडेतीन पाच मिनिटांत परत येतील.’ टाकले. लगेच तिसरा फोन. सात हजार नाही, ७,००१ टाकायचे होते, एका रुपयामुळे एंट्री अडकली. आता पुन्हा ७,००१ टाका म्हणजे मागचे सगळे एकदम सुटतील. सगळी मेख या एका रुपयात आहे. आपले अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे घालतो, आणि चूक तुमचीच असं ऐकवल्यावर वाद घालायलाही संकोचतो.

समोर बोटीवरचा पोरगा ‘घ्या पुढे, अजून घ्या, बास!’ करत गाड्या चिकटवून लावत होता. इकडे हा माणूस फोनवर घाई करत होता. मी सहज विचारलं, ‘रात्री जेवायला काय आहे?’ क्षणभर काहीच नाही. मग म्हणतो, ‘फूडचं नंतर बघू, आधी पेमेंट क्लिअर करा.’

तिथेच खटकलं. कोकणात घरगुती राहिलेल्या कुणालाही विचारा. यजमान पैशांच्या आधी विचारतात, व्हेज की नॉनव्हेज, किती वाजता पोचाल, रात्री जेवणार ना? हर्णैच्या लिलावातून मासे आणायचे तर माणसं किती ते आधी कळायला हवं. या गृहस्थाने आम्ही काय खातो हे एकदाही विचारलं नव्हतं. फोन ठेवला. त्यानंतर त्याने उचलला नाही.

पिल्लांच्या हमीचंही तेच. अंड्यांतून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, ते वाळूच्या तापमानावर ठरतं. वेळासला त्या संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या, एकीखालीही पिल्लू नव्हतं. सकाळी पुन्हा बघू, आली तर आली, एवढंच तिथला कासव-संवर्धनाचा कार्यकर्ता म्हणाला. कुणी नक्की दाखवतो म्हणत असेल तर फोन तिथेच ठेवा.

बोट सुटायच्या आधीच १९३० ला फोन लावला होता. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, तो विचारतातच. मग बँकेलाही कळवा. आमचे थोडे पैसे समोरच्या खात्यात गोठवलेत असं समजलंय. हातात अजून छदामही आलेला नाही.

आंजर्ल्याला पोचलो तर खरे मालक, साठीचे काका, दारातच म्हणाले, ‘तुम्हीसुद्धा काय? आधी एक जोडपं येऊन माझ्याशी भांडून गेलं.’ त्यांच्याकडे खोली नव्हतीच, पण शेजारच्या घरी सोय करून दिली. बायको आतून ओरडली, ‘आधी चहा घ्या म्हणावं.’

पुढच्या वेळी आम्ही काय करणार, तर फोनवरच्या माणसाला वेसवीच्या जेट्टीवरून घरापर्यंतचा रस्ता विचारणार. व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवा म्हणणार. त्याच गावातल्या दुसऱ्या घरी फोन करून हा नंबर त्यांचाच का, हेही विचारणार. छोट्या गावात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर ठाऊक असतात.

आणि कोकणात राहण्याची सोय चालवणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना आजच नकाशावर आपल्याच घराचं नाव शोधायला सांगा आणि तिथे दिसणाऱ्या नंबरवर फोन लावून बघायला सांगा. काकांनी आमच्यासमोर लावला. पलीकडचा म्हणाला, ‘बोला सर, एकच सी-फेसिंग रूम राहिलीय.’