पॉझिटिव्ह अर्थची मॉरिस मायनर आणि नवी कॉइल: दिवाळी ते पावसाळा

आमच्या मॉरिस मायनर 1000 या जुन्या ब्रिटिश गाडीला (948 सीसी) दिवाळीत नवी 12 व्होल्टची कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि तांब्याच्या जाळीच्या दोन अर्थ पट्ट्या (बॉडीशी जोडणाऱ्या) बसवल्या. नागपूरचा उन्हाळा आणि पाऊस दोन्ही काढून झाले, म्हणून आता लिहितोय.

या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला जातं, यालाच पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात. जुन्या लुकास कॉइलवर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी अक्षरं असायची. एक वायर स्विचची, दुसरी सीबी पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट ब्रेकरची. नव्या कॉइलवर प्लस-मायनस छापलेलं येतं आणि मेकॅनिक सवयीने प्लस स्विचला जोडून मोकळा होतो. आमच्याकडेही तेच झालं. वर, "चालू झाली ना भाऊ, मंग कायले बदलता?" चालू होतेच, म्हणून तर ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं मायनस स्विचकडे आणि प्लस डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवं.

प्लगचा मधला इलेक्ट्रोड चिनीमातीत बसलेला, त्यामुळे तो जास्त तापतो, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन लवकर सुटतात. तो मायनस असला की कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. उलट जोडणीत कॉइलवर ताण येतो. प्लग नवे असेपर्यंत खपून जातं. प्लगची गॅप वाढली आणि चढ लागला की मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू.

तपासायला शिसपेन्सिल पुरते. प्लगची वायर काढून किंचित दूर धरायची (इन्सुलेटेड पक्कडीनेच, झटका जबर बसतो) आणि मधल्या फटीत पेन्सिलीचं टोक आणायचं. ठिणगीचा नारिंगी फुलोरा टोकापासून प्लगच्या बाजूला दिसला तर जोडणी बरोबर. आमच्याकडे तो वायरच्या बाजूला होता. कॉइलच्या दोन वायरी आपसात बदलल्या, फुलोरा लगेच पलीकडे गेला.

पॉइंटची गॅप 0.015 इंच, प्लगची 0.025 इंच, हे आधीही असंच होतं. तरी रामटेकला गडमंदिराच्या चढावर होणारं मिसिंग गेलं, तेही ऐन मे महिन्यात.

खरा फरक मात्र अर्थ पट्ट्यांनी पडला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. इंजिन ते बॉडी पट्टी गंजली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. आमची केबल हाताला चटका देत होती! पट्टी बदलताना बॉडीवरचा रंग खरवडून धातू उघडा केला, नट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. भर पावसातही सेल्फ जोरात फिरतो.

कॉइल चांगली आहे, पण किमतीच्या मानाने पट्ट्या सरस. गैरसोय एकच: हल्लीचे मोबाइल चार्जर आणि रेडिओ मायनस बॉडीचे असतात, त्यांचा पत्रा डॅशबोर्डला टेकला की फ्यूज गेलाच. चार्जरसाठी दोन वेगळ्या वायरी ओढून प्लॅस्टिकच्या डबीत सॉकेट बसवलं. तेवढ्यासाठी गाडी निगेटिव्ह अर्थ करायला मी तयार नाही. तसं केलं तर डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) नव्याने पोलराइज करा, म्हणजे त्याचे प्लस-मायनस उलटे करा, कॉइलच्या वायरी पुन्हा फिरवा.