नागपूरच्या सदर भागातली मिशन शाळा, पोरगी सहा वर्षं इथं शिकली

कॅथलिक मिशनची अनुदानित शाळा, स्टेट बोर्ड, फी आमच्यासारख्या ऑटोवाल्याला झेपते. वर्गात गड्डीगोदाम, मंगळवारी, जरीपटक्याची पोरं, बौद्ध, मुस्लिम, सिंधी, ख्रिश्चन सगळी एका बाकावर, डबे इकडून तिकडे फिरतात, हे पाहून मला खूप बरं वाटायचं. प्रार्थनेची जबरदस्ती कोणावरच नाही. दहावीला गणिताच्या मॅडम सुटीनंतर थांबून शिकवायच्या, एक रुपया जास्तीचा घेतला नाही, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. वर्गात गर्दी मात्र फार आहे बापा, मागच्या बाकावर ऐकू येत नाही. अन् एक सांगतो, अशा अल्पसंख्याक शाळांना आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातला गरीब पोरांसाठीचा, २५ टक्के कोटा लागत नाही, २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तेव्हा ऑनलाइन यादीत शोधू नका, थेट ऑफिसात जाऊन विचारा.