क्लॅट की सीईटी: तर्क आणि उताऱ्यांची तयारी

रत्नागिरी-मालवणकडची बरीच मुलं पाच वर्षांच्या लॉसाठी क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि सीईटी (महाराष्ट्राची लॉ प्रवेश परीक्षा) या दोन्ही परीक्षा देतात. दोन्हींत 120 मिनिटांत 120 प्रश्न, पण तयारी वेगळी.

क्लॅट इंग्रजीतच. तर्काचे प्रश्नही उताऱ्यावरच, उतारा साधारण 450 शब्दांचा. वाचन दोन मिनिटांत, पाच प्रश्न तीन मिनिटांत. चुकलं की 0.25 गुण जातो. नेहमीचा घोटाळा असा: ‘वादळाचा इशारा असेल तर होडी जात नाही; होडी गेली नाही’ यावरून ‘इशारा होता’ हे सिद्ध होत नाही. इंजिनही बिघडलेलं असेल! किनाऱ्यावरची मुलंच इथे फसतात, कारण ती स्वतःची माहिती उत्तरात घुसडतात.

सीईटी मराठीतूनही देता येते. नातेसंबंध, मालिका, सांकेतिक भाषा असे सुटे प्रश्न. इथे वेग हवा. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आधी क्लॅटचे उतारे घ्या. वाचनाचा वेग हळूहळूच वाढतो.