अर्जेन्शियम 935: रव्याच्या कामापुरती घ्यावी अशी चांदी

रव्याच्या कामात, म्हणजे दागिन्यावर धातूचे बारीक गोल दाणे (रवे) जोडण्यात, सगळा डाव सांध्यावर असतो. गोल रवा पत्र्याला ठिपक्याएवढ्या जागेतच टेकतो. तिथे झाळ (जोडायला वितळवतात तो धातू) घातली की ती रव्याभोवती चढते, दोन रव्यांमधली फट बुजते आणि दाण्यांची ओळ चिखलात रुतल्यासारखी दिसते. झाळेशिवाय रवा धरणारी चांदी म्हणून अर्जेन्शियम 935 चं नाव घेतलं जातं. तिच्यात 93.5 टक्के चांदी, एक टक्क्याच्या आसपास जर्मेनियम आणि उरलेलं तांबं असतं. साधी 925 (92.5 टक्के चांदी, बाकी तांबं) तापली की वरचं तांबं काळवंडतं आणि त्या काळ्या थरावर रवा धरत नाही. पाच-सहा वेळा तापवून, आम्लात उजळून वर शुद्ध चांदी आणावी लागते. इथे तो खटाटोप वाचतो, कारण तांब्याच्या आधी जर्मेनियमच ऑक्सिजन पकडतं.

रवे तारेचेच करावेत. 0.5 मिमी तारेचा 1 मिमी तुकडा वितळला की सुमारे 0.72 मिमीचा रवा होतो आणि ग्रॅममध्ये असे पाचशेच्या आसपास बसतात. तुकडा 0.5 मिमीचा कापला तर रवा 0.57 मिमी. मुशीत कोळशाची पूड, वर एकमेकांना न टेकणारे तुकडे, पुन्हा पूड, असे थर देऊन तापवायचं. कोळशाच्या ठोकळ्यावर केलेल्या रव्यांना बुडाशी चपटेपणा राहतो. तो दोष नाही, तीच बाजू पत्र्याकडे ठेवावी. रवे बारीक चाळण्यांतून गाळून वेगळे केल्याशिवाय मांडायला बसूच नये. लहानमोठे रवे एका ओळीत आले की लहान आधी वितळतात.

खाली 0.6 ते 0.8 मिमी पत्रा पुरतो. चिकटवायला डिंकाचं पातळ पाणी, त्यात टाकणखार अगदी थोडा. (जुने कारागीर गुंज उगाळून लावतात. पकड छान, पण गुंज विषारी. ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर नादी लागू नका.) पाणी जाड झालं तर तापताना फुगतं आणि मांडलेले रवे ढकलून देतं. म्हणून दिव्याखाली पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. एकटा रवा शक्यतो ठेवू नये. तीन रवे एकमेकांना टेकवून किंवा तारेच्या कुशीत बसवले की प्रत्येकाला दोन-तीन सांधे मिळतात.

आच मऊ आणि पसरट हवी, आधी पत्र्याला. रव्यांवर थेट ज्योत आली की ते पत्र्याच्या आधी वितळतात. ही चांदी तापल्यावर 925 पेक्षा फिकट लाल दिसते, त्यामुळे भर उजेडात काम केलं तर अंदाज हमखास चुकतो. खोली अंधारी करा. पृष्ठभागावर पाऱ्यासारखी ओली चकाकी धावली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. पुढचे दोन सेकंद जास्त झाले तर रवे बसके होतात, मग त्यावर उपाय नाही.

ज्योत काढल्यावर चिमटा लावायचा नाही. लाल असताना ही चांदी ठिसूळ असते. उचलली तर मोडते, पाण्यात टाकली तर तडकते. लाली पूर्ण गेल्यावरच हात लावावा. वाकवलेला पत्रा आधाराशिवाय तापवला तर स्वतःच्याच वजनाने बसतो, म्हणून सपाट असतानाच रवे जोडून मग हलक्या हाताने वाकवणं बरं.

सुईने रवा आडवा ढकलून पाहा. सुटला आणि खाली स्वच्छ पत्रा दिसला तर आच कमी पडली. भिंगाखाली रव्याच्या बुडाशी त्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मान (पत्र्याशी वितळून जुळलेला भाग) दिसली तर सांधा पक्का.

तक्रारी आहेत. दर साध्या 925 पेक्षा चढा. कातरण 925 च्या कातरणीत मिसळली की दोन्ही वाया, त्यामुळे डबा, कोळसा, कानस सगळं वेगळं ठेवावं लागतं. आपल्या हॉलमार्कमध्ये 935 असा दर्जा नसल्यामुळे वस्तूवर 925 चाच शिक्का बसतो. आणि गंमत म्हणजे ती लवकर काळी पडत नाही हा तिचा गुण रव्याच्या कामात आड येतो. दाणे उठून दिसायला मधली जमीन काळी हवी असते आणि ऑक्सिडाइझ करायला हिला वेळ लागतो.

पर्याय स्वस्त आहे. शुद्ध चांदीचे रवे, वापरून तांबं उतरल्याने निळसर झालेल्या आम्लात लोखंडी तारेला टेकवून ठेवले की त्यांच्यावर तांब्याचा गुलाबी थर चढतो. शुद्ध चांदी 961 अंशांना वितळते, पण जिथे तांबं चांदीला भेटतं तो सांधा 779 अंशांपासूनच ओलावतो. एवढं अंतर हाताशी असल्यामुळे शिकणाऱ्याच्या चुका इथे खपतात. अडचण एकच, शुद्ध चांदी मऊ राहते. लटकन किंवा कानातल्याला ती भागते. अंगठी आणि बांगडीला मात्र अर्जेन्शियमच घ्यावी, कारण काम झाल्यावर 300 अंशांना तासभर ठेवली की ती कडक होते आणि रव्यांना धक्का लागत नाही.